फायर स्टार्टर किट रिव्ह्यू: ठिणगी एक नंबर, टिंडर मात्र देव्हाऱ्यातलंच बरं

आधी निकाल सांगून टाकतो, लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचणाऱ्यांसाठी. फोर्टातल्या एका दुकानातून घेतलेलं हे ८९९ रुपयांचं 'ऑल वेदर' फायर स्टार्टर किट, त्यातला फेरो रॉड, म्हणजे खरवडला की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, खरंच चांगला आहे, तो खरवडायचा स्क्रेपर चालेल असा आहे, आणि बाकीचं सगळं, टिंडर म्हणजे ठिणगी पकडणारं हलकं जळण धरून, डबा भरलेला दिसावा म्हणून कोंबलेला माल. रॉड सुटा मिळत असेल तर डोळे झाकून सुटा घ्या. पाचपैकी तीन स्टार, त्यातले अडीच एकट्या रॉडचे, अर्धा डब्याला, कारण डबा खरंच मजबूत आहे आणि झाकण घट्ट बसतं.

आता निवांत वाचणाऱ्यांसाठी सगळं सांगतो.

पहिला प्रश्न येणारच की मुंबईत राहून शेकोटीचं सामान कशाला, इथे सोळा अंशाला लोक माकडटोपी काढतात. बरोबर आहे. पण आपली थंडी घाट चढला की सुरू होते. कसाऱ्याला उतरून जीपने घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे गेलं की डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो आणि पहाटे दव इतकं पडतं की तंबूच्या बाहेर ठेवलेले बूट, चटई, लाकडं, सगळं पिळून काढावं असं ओलं. त्यात अवकाळी आला तर विचारूच नका. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत कसा पाऊस झाला होता आठवतोय ना, मुंबईत भर दुपारी लोक स्वेटर घालून छत्री घेऊन फिरत होते आणि तिकडे जुन्नर-आंबेगावकडे गारठ्याने मेंढ्या मेल्या होत्या. तसा गारठा आणि तसं ओलं लाकूड, अशा वेळी शेकोटी पेटवायची म्हणजे खरी परीक्षा. मे महिन्यात वाळलेलं गवत पेटवायला किट लागत नाही, विडीचं थोटूक पुरतं, म्हणून तर वणवे लागतात.

तर किटमध्ये काय काय आलं. लाकडी मुठीचा फेरो रॉड, साधारण करंगळीएवढा जाड. त्याला दोरीने बांधलेला स्टीलचा स्क्रेपर, ज्यात बॉटल ओपनर आहे, पट्टी आहे, षटकोनी भोकं आहेत, म्हणजे स्क्रेपर सोडून सगळं आहे. एक मॅग्नेशियमचा ठोकळा. मेणात बुडवलेली तागाची दोरी, अॅल्युमिनियमच्या नळीत घातलेली. एक शिट्टी, जिच्या टोकाला होकायंत्र आहे आणि ते उत्तर दिशा स्वतःच्या मर्जीने ठरवतं. आणि एक इंग्रजी कागद ज्यावर लिहिलंय की पावसात, बर्फात, वाऱ्यात कुठेही काही सेकंदांत आग. दुकानदाराने पण तेच सांगितलं, काउंटरवर कापसाच्या बोळ्यावर एक घाव मारून भक्कन पेटवून दाखवलं, सगळे वा वा म्हणाले. एसी दुकानात कोरड्या कापसावर काय, काही पण पेटेल. मी विचारलं ओल्या लाकडाचं काय, तर म्हणे सर हा रॉड पाण्यात बुडवून काढला तरी चालतो. हे मात्र खरं आहे, रॉड चालतो. लाकूड चालत नाही ना भाऊ.

आधी रॉडचं बोलू कारण कौतुक तेवढंच करायचंय. फेरो रॉड म्हणजे फेरोसिरियम, लोखंड आणि सिरियम-लॅन्थेनम वगैरे धातूंचं मिश्रण. १९०३ मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याचं पेटंट घेतलं, आणि हाच तो माणूस ज्याने त्याआधी गॅसबत्तीची मँटल काढली होती, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरून चालायचे ना त्या बत्तीतली पांढरी जाळी, तीच. सिगारेट लायटरच्या चाकाखाली जो 'दगड' असतो तोही हाच, फक्त इवलासा. सिरियम दीडशे-पावणेदोनशे अंशालाच पेट घेतो, त्यामुळे नुसतं खरवडलं तरी उडणारे कण हवेत पेटतात आणि ठिणगी ३,००० अंशांच्या आसपास जाते. यात गॅस नाही, पाण्याने खराब होणारं गुल नाही, म्हणून ओलं-सुकं याला काही फरक पडत नाही. पुसला, घासला, झालं.

काडेपेटीचा प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये. काडीपेक्षा आधी जाते ती पेटीची कडेची पट्टी, तिच्यावर लाल फॉस्फरस असतो, तिला दमट हवा लागली की काडी ओढाल तर पट्टीच सोलून निघते. लायटरचं मात्र अनेकांना कळत नाही. लायटरमधला गॅस मुख्यतः ब्युटेन आणि ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश. म्हणजे शून्याच्या आसपास तो आत द्रवच राहतो, वाफ होऊन बाहेरच येत नाही, तुम्ही चाक फिरवत बसा, ठिणगी पडते पण ज्योत नाही. आम्ही कुलूकडे जानेवारीत होमस्टेला होतो तेव्हा ग्रुपमधले सगळे लायटर एकाच वेळी 'खराब' झाले होते, आणि मालकीणबाई, आम्ही त्यांना दीदी म्हणायचो, हसून म्हणाल्या की बगलेत धरा पाच मिनिटं. धरले, आणि सगळे चालू झाले. तर लायटर आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायचा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नाही, ही टीप फुकट घ्या. पण बोटं बधिर झालेली असताना ते छोटं चाक अंगठ्याने फिरत नाही ही दुसरी अडचण. रॉडला मात्र मूठ आहे, मुठीत धरता येतं, हातमोजा घालूनही. तिथे कुलूला होमस्टेच्या अंगणात बर्फ भुरभुरत असताना या रॉडने पहिल्या काही घावांतच काम केलं आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले असं मी मानतो.

वापरायची पद्धत त्या इंग्रजी कागदावर चुकीची छापलीये म्हणून इथे लिहितो. नवीन रॉडवर काळा रंग असतो तो आधी खरवडून काढायचा, नाहीतर ठिणगी पडत नाही आणि लोक म्हणतात डुप्लिकेट माल. मग रॉडचं टोक टिंडरमध्ये टेकवायचं, स्क्रेपरची धारदार काटकोनी कड त्यावर साधारण पंचेचाळीस अंशात दाबून धरायची, आणि स्क्रेपर पुढे ढकलायचा नाही, तो जागच्या जागी ठेवून रॉड मागे खेचायचा. कागदावरच्या चित्रात स्क्रेपर पुढे मारलाय, तसं केलं की हात जाऊन टिंडरवर आदळतो आणि दहा मिनिटं राखून ठेवलेला कोरडा कापूस चिखलात. आणि घाई नको. भरभर खरवडलं की बारीक ठिणग्यांचा शो होतो, फोटोला छान, पण त्या हवेतच विझतात. सावकाश दाबून ओढलं की वितळलेले जाड थेंब पडतात, ते क्षणभर जळत राहतात, टिंडर त्यांनी पेटतं.

स्क्रेपरबद्दल एवढंच की कड नीट काटकोनी नाहीये, कुठेतरी गोल घासली गेलीये. लोहार चाळीत हॅक्सॉचं पातं घ्या, अर्धं तोडा, त्याची पाठ याहून छान ठिणग्या काढते. आणि मॅग्नेशियमच्या ठोकळ्याला सरळ रामराम. तत्त्व बरोबर आहे, मॅग्नेशियमचा कीस फार गरम जळतो, पण रुपयाच्या नाण्याएवढा ढीग जमवायला थंडीत मनगट दुखेपर्यंत किसावं लागतं आणि मग एक वाऱ्याची झुळूक येते आणि सगळा कीस शेजारच्याच्या स्लीपिंग बॅगवर. मी तर म्हणतो घरी ठेवा, मुलांच्या सायन्स प्रोजेक्टला होईल, तेही मोठ्यांनी समोर बसून.

आता ती दोरी. इथे मला खरा राग आहे. नळीत तागाची मेणवलेली दोरी, टोक पिंजायचं, ठिणगी टाकायची, पेटतं, अशी आयडिया. माझ्या डब्यातली दोरी आतून ओलसर होती, मेण फक्त वरून लावलेलं, आतला ताग दमट, पिंजला तर वास कुबट. दुकानातल्या दुकानात मुंबईचा पावसाळा काढला असणार तिने. घरच्या गॅलरीत कशीबशी पेटली, भंडारदऱ्याला दवात ठिणगी घेईना, धुमसायची, काळी व्हायची, विझायची. दुकानदाराला फोन केला तर म्हणे सर आधी उन्हात सुकवून घ्या. ऑल वेदर किट, आणि वापरण्याआधी ऊन पाहिजे! बदलून द्यायला तयार नाही, पॅकेट फोडलंय म्हणाले. न फोडता दोरी ओली आहे हे कसं कळणार याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

मग आमच्या ग्रुपमधल्या वहिनींनी जे काढलं त्याने सगळ्यांची बोलती बंद. फुलवाती. देवासमोर तुपात लावतो त्याच, कापसाच्या. घरून निघताना त्यांनी त्या वॅसलीनमध्ये मळून एका छोट्या झाकणाच्या डबीत भरून आणल्या होत्या, आणि दुसऱ्या डबीत कापराच्या वड्या. फुलवात घेऊन थोडी पिंजायची, म्हणजे आतला कोरडा कापूस तंतू तंतू बाहेर आला पाहिजे, ठिणगी त्या तंतूंना लागते, वॅसलीनला नाही, वॅसलीन नुसतं इंधन आहे, ते कापसाला पटकन जळून जाऊ देत नाही. नुसता कापूस भक्कन जातो, काही सेकंदांत राख. वॅसलीनवाली फुलवात आरामात तीन-चार मिनिटं जळते. तिच्यावर कापराची एक वडी ठेवली की ज्योत वीतभर होते, आणि कापूर पाण्यावर तरंगत असतानाही जळतो हे शाळेत बघितलंय आपण सगळ्यांनी, त्यामुळे खाली जमीन ओली असली तरी त्याला फिकीर नाही. दोन्हीचा खर्च मिळून पन्नासेक रुपये, दादरला फुलमार्केटच्या बाजूला कुठल्याही पूजासाहित्याच्या दुकानात. कापूर मात्र घट्ट डबीतच ठेवा, उघडा राहिला तर आपोआप उडून जातो, पुढच्या वेळी नुसता वास शिल्लक. आणि लहान मुलं खडीसाखर समजून तोंडात घालू शकतात, विषारी आहे, लक्ष असू द्या.

अजून एक भारी गोष्ट म्हणजे नारळाची शेंडी. काथ्या सोडवून हातात चोळून त्याचा पिंजका केला की फुलवातीची ज्योत तो लगेच पकडतो आणि निखारा धरून ठेवतो. करवंटी तर विचारूच नका, गावी बंब पेटवलेल्यांना माहितीये, एकदा लागली की तेल सुटल्यासारखी जळते. आमच्याकडे आता दिवाळीनंतर करवंट्या फेकत नाहीत, गॅलरीत पोत्यात जमा होतात, बायको वैतागते पण ठीक आहे. सुतारकामाच्या रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या साली पण उत्तम, जोगेश्वरीच्या फर्निचर मार्केटमध्ये पिशवीभर फुकट देतात, फक्त खऱ्या लाकडाच्या आहेत का बघा, प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा नको, त्यातल्या गोंदाचा धूर डोळ्यात आणि छातीत जातो. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ओल्यातही जळतात हे खरं, इमर्जन्सीला एखादी ठेवा, पण काळा घाण धूर येतो, त्यावर मॅगी शिजवू नका प्लीज.

पण खरं सांगू का, टिंडर चांगलं असलं तरी अर्धीच लढाई. किटच्या कागदावर लाकडाबद्दल एक ओळ आहे, 'कोरडं लाकूड वापरा'. वा! कोरडं असतं तर तुमच्याकडे आलो असतो का. हे सगळं शिकायला मिळालं ते भंडारदऱ्याच्या कॅम्पवाल्या मामांकडून. त्यांची स्वतःची जागा आहे, शेताच्या कडेला, सरपण त्यांचंच, तंबूचे पैसे घेतात त्यातच शेकोटीचं लाकूड येतं. त्या दिवशी दुपारी अवकाळी सर येऊन गेलेली, संध्याकाळी थंडी आणि वारा, आणि आमचा एक मित्र खाली पडलेली लाकडं गोळा करून आणून ढीग लावत होता. मामा म्हणाले, 'दादा ते नका घेऊ, खाली पडलेल्यानं पाणी पिलंय, उभं वाळलेलं बघा.' म्हणजे झाडावरच वाळलेली, जमिनीला न टेकलेली फांदी. ती वरून ओली दिसते पण पाणी सालीतच असतं. ओळखायची खूण सोपी आहे, मोडताना कटकन आवाज आला तर कोरडी, नुसती वाकली किंवा पिचली तर सोडा.

मग त्यांनी मनगटाएवढा एक ओंडका घेतला, कोयता त्याच्या डोक्यावर ठेवला आणि कोयत्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकलं. ओंडका उभा चिरला. बाहेरून काळाकुट्ट, पाण्याने निथळणारा, आणि आतून अगदी पिवळसर कोरडा, हात लावला तर उबदार वाटावा असा. त्याच्या पुन्हा उभ्या चिरफळ्या, मग अजून बारीक, शेवटी काडेपेटीच्या काडीएवढ्या. साल सगळी सोलून बाजूला. एका बारीक चिरफळीला त्यांनी कोयत्याने वरून खाली असं तासलं की ढलप्या सुटल्या नाहीत, तिथेच कुरळ्या होऊन लटकत राहिल्या. परदेशात याला फेदर स्टिक म्हणतात आणि त्यासाठी हजारो रुपयांच्या सुऱ्या विकतात. मामांचा कोयता कुठल्याशा जत्रेतला आहे.

ओलं लाकूड का पेटत नाही याचा साधा हिशोब आहे. उकळतं एक किलो पाणी वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, आणि लाकूड स्वतः पेटायच्या आधी हे बिल त्याला भरावं लागतं. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, नीट वाळलेल्यात वीस टक्क्यांच्या खाली. छोटीशी ज्योत एवढं पाणी उकळू शकत नाही, म्हणून आधी काडीएवढं, मग पेन्सिलएवढं, मग अंगठ्याएवढं, मग मनगट. आणि प्रत्येक साइझचं तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट जमवून ठेवायचं, पेटवायच्या आधी. बहुतेकांची शेकोटी इथेच मरते, ज्योत मस्त लागते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि मग पुढची काडी शोधायला लोक टॉर्च घेऊन पळतात. तोपर्यंत विझली.

जमिनीचं पण तसंच. ओल्या मातीवर थेट पेटवली की खालून ओल वर येत राहते. मामांनी आधी दोन-तीन चिरलेल्या लाकडांचा पाट केला, चिरलेली कोरडी बाजू वर, आणि त्यावर सगळं रचलं. कुलूला दीदींनी पत्र्याचा तुकडा दिला होता, कारण बर्फावर पेटवली तर बर्फ वितळून शेकोटी स्वतःच्याच डबक्यात बुडते. आणि बर्फ साचलेल्या झाडाखाली तर बसायचंच नाही, खालून ऊब लागली की वरचा सगळा बर्फ एकदम आगीवर. दगड लावायचे तर नदीच्या पात्रातले भिजलेले दगड नकोत, आत पाणी अडकलेलं असलं तर तापून फुटतात आणि कपच्या उडतात. ओलं सरपण शेकोटीच्या भोवती उभं करून ठेवायचं, तापत तापत वाळतं, मग एकेक आत. बस. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत शेकत बसलो होतो, वाटण्याची उसळ आणि भाकरी तिथेच, आणि रॉडचं कौतुक मी करत होतो तर मामा म्हणाले बघू द्या, एक घाव मारला, ठिणग्या बघितल्या, 'चांगलंय' म्हणाले आणि स्वतःची विडी निखाऱ्यावर पेटवली.

काही जण म्हणतील एवढं कशाला, रॉकेल ओता. पहिली गोष्ट, रॉकेल हल्ली मिळतं कुठे. दुसरं, रॉकेल, पेट्रोल, गॅसचं कार्ट्रिज हे ट्रेनने न्यायला मनाई आहे, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि कसारा लोकल ही पण ट्रेनच आहे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढल्यावर तुमच्या पायापर्यंत पेट घेते, भुवया गेलेले लोक मी बघितलेत. सॅनिटायझर ओतणारे नवीन हुशार निघालेत, त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही, विझली समजून पुन्हा बाटली ओततात आणि बाटलीच पेटते. आणि पाऊस आला म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत घेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, दर थंडीत अशा बातम्या येतात.

हा रिव्ह्यू वाचून कोणी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात किंवा गडावर जाऊन ठिणग्या पाडू नका हेही सांगायला पाहिजे. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथल्या जंगलातली काटकीसुद्धा आपली नाही. कारवीच्या वाळक्या काठ्या बघून हात शिवशिवतो, मला माहितीये, सात-आठ वर्षांनी फुलून मेलेली कारवी म्हणजे आयतं सरपण, पण ती तिथेच राहू दे. खासगी जागा, मालकाची परवानगी, आधी पेटवलेल्याच जागेवर. आणि निघताना पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून, राखेला हाताची पाठ लावून गार आहे बघून मगच सॅक उचलायची. हिमालयात जाणार असाल तर भोजपत्राची साल ओली असली तरी पेटते म्हणून व्हिडिओवाले सांगतात, खरं आहे, तिच्यात तेलकट द्रव्य असतं, पण आपल्याकडे ती झाडं आधीच कमी झालीत, सोलू नका. चीड म्हणजे पाइनच्या झाडाचं राळेने भरलेलं लाकूड तिथल्या घरात बहुतेक असतंच, मागितलं तर देतात, नखाएवढ्या तुकड्यावर काम होतं.

मुंबईकरांसाठी एक वेगळी तक्रार, ज्याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नाही. फेरो रॉड दमट खारट हवेत सडतो. काळा रंग खरवडला की आतला धातू उघडा पडतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यावर पांढरट-तपकिरी भुकटी धरते, जास्त दिवस राहिला तर रॉडला खड्डे पडतात. मॅग्नेशियमचंही तेच. उपाय म्हणजे वापर झाला की कोरडा पुसायचा आणि उघड्या भागावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारायचा किंवा थोडं मेण चोळायचं, सोबत सिलिका जेलची पुडी, बुटांच्या खोक्यात येते ती. माझा रॉड असा एक पावसाळा काढून अजून नव्यासारखा आहे. दुकानातल्या काही रॉडना मात्र पॅकेटच्या आतच भुकटी धरलेली दिसली, तेवढं बघून घ्या. पाकिटावर '१५,००० स्ट्राइक' लिहिलंय, मोजायला कोण बसलंय, पण एवढ्या वापरात जाडी फारशी कमी झालेली नाही हे खरं.

कोणी घ्यावं? ज्यांना भेट द्यायचीय त्यांनी पूर्ण किट घ्या, दिसायला भारी आहे, भाचा खूश होतो. जे खरंच हिवाळ्यात बाहेर झोपतात त्यांनी फक्त रॉड घ्या, जाड आणि लांब, अगदी बारीक किचेनवाला नको, बधिर हातात सापडत नाही. सुटा रॉड मला नंतर दोनशे-अडीचशेत बघायला मिळाला, म्हणजे उरलेले साडेसहाशे आपण शिट्टी, ओली दोरी आणि मॅग्नेशियमचे देतोय. घेताना दुकानदाराला सांगा की कापसावर दाखवू नको, नुसता कागदावर एक सावकाश घाव मार. जाड थेंब कागदावर पडून जळते ठिपके सोडत असतील तर घ्या, नुसती फुलबाजी उडत असेल तर राहू द्या. आणि तो आधी नाही म्हणेल, काउंटर खराब होतो म्हणेल, तर खाली जुनं वर्तमानपत्र चार घड्या करून धरा, मी तेच केलं.